डोस चुकले म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते

ताई, तुमच्या एका प्रश्नात चार-पाच प्रश्न आहेत, म्हणून आधी मला समजलं ते मांडतो. मुलगी अकरा महिन्यांची. जन्मतःचे, दीड महिन्याचे आणि अडीच महिन्यांचे डोस झाले. मग तुम्ही माहेरी लातूरकडे गेलात, मुक्काम लांबला, साडेतीन महिन्यांचे डोस राहून गेले. नवव्या महिन्यात सर्दी-ताप होता म्हणून गोवराचं इंजेक्शनही पुढे ढकललंत. आता ओळखीतलं कुणी म्हणतं, सगळं पहिल्यापासून करावं लागेल. सासूबाई म्हणतात, दीड महिन्याच्या डोसाला पोर फणफणली होती, आता धडधाकट आहे तर कशाला सुया टोचायच्या. खासगी दवाखान्याच्या यादीचा खर्च ऐकून घरात चर्चा सुरू आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की मधुमेह असलेल्या सासऱ्यांना आणि दुसऱ्या बाळाचा विचार करत असलेल्या तुम्हाला काही घ्यावं लागतं का.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. सुरुवातीला प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो, नंतर तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला, त्यामुळे सरकारी आणि खासगी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. तुम्ही राहिलेल्या डोसांची मोजदाद करत बसला आहात. मला त्यातली एकच गोष्ट तातडीची वाटते: अकरा महिन्यांच्या मुलीला अजून गोवराचा एकही डोस मिळालेला नाही. बाकीचं सावकाश बोलू.

पहिल्यापासून करायचं का, याचं उत्तर आधी देतो, कारण त्या भीतीनेच पुष्कळ आया दवाखान्याकडे फिरकत नाहीत. नाही. जिथे थांबलं तिथून पुढे चालू करायचं. वर्षभर गावी राहून आलेल्या चौथीतल्या मुलाला कुणी पुन्हा बालवाडीत बसवत नाही, तसंच हे. लस शरीराला जंतूची ओळख करून देते. पहिल्या डोसाने तयार होणारी प्रतिकारशक्ती बेताची असते, पण ती ओळख ध्यानात ठेवणाऱ्या पेशी मागे राहतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या डोसाला त्याच भराभर वाढतात. या पेशींना तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून दोन डोसांत किमान चार आठवडे सोडायचे. अंतर त्यापेक्षा कमी ठेवलं तर डोस वाया जाऊ शकतो. जास्त पडलं तर झालेली ओळख पुसली जात नाही. तोटा इतकाच, की मधले सगळे महिने मूल अर्धवट संरक्षणावर काढतं. तुमच्या मुलीने तसे सात-आठ महिने काढले. काही झालं नाही हे चांगलं, पण ते नशिबाने.

आता गोवर. आपल्याकडे गोवराला अजून घरगुती आजार मानतात. अंगावर नीट येऊ द्यावा, कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवावा, औषध देऊ नये, असं सांगणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. पुरळ जातं, हे खरं. पण गोवर मूल मारतो तो पुरळाने नाही, त्यामागून येणाऱ्या न्यूमोनियाने आणि जुलाबाने. शरीरातलं अ जीवनसत्त्व तो ओढून घेतो, त्यामुळे कुपोषित मुलांचे डोळे जातात. शिवाय आधी कमावलेली प्रतिकारशक्ती तो पुष्कळशी पुसून टाकतो, म्हणून गोवर होऊन गेलेलं मूल पुढे कित्येक महिने या ना त्या कारणाने आजारी पडत राहतं. प्रसार तर विचारू नका. लस नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो, आणि तो माणूस खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत तास-दोन तास टिकतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या दाट वस्त्यांत गोवराची साथ आली, भिवंडी-मालेगावातही रुग्ण निघाले, मुलं दगावली. कोरोनाच्या काळात राहून गेलेल्या डोसांची ती वसुली होती. साथ असलेल्या भागात तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस द्यावा लागला.

मग हा डोस एरवी नवव्या महिन्यातच का? पोटात असताना आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं बाळाकडे जातात. पहिले काही महिने तीच त्याला गोवरापासून सांभाळतात, आणि त्याच काळात लस दिली तर तिलाही निष्प्रभ करतात. फार लवकर टोचली तर लस वाया, फार उशीर केला तर मूल उघड्यावर. जिथे गोवर फिरता असतो तिथे या दोन्हींच्या मधला सोयीचा मुक्काम म्हणजे नऊ महिने पूर्ण. त्या वयात लस साधारण शंभरातल्या ८५ मुलांना लागू पडते, उरलेल्या पंधरांत आईची प्रतिद्रव्यं अजून शिल्लक असतात. सोळा ते चोवीस महिन्यांतला दुसरा डोस मुख्यतः या पंधरांसाठी असतो. तुमचं मूल त्यांत आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच द्यायचा. 'एक झालाय ना, पुरे' असं म्हणणाऱ्यांना मी हा हिशोब सांगतो.

त्या वेळी सर्दी-ताप होता म्हणून तुम्ही थांबलात. साधी सर्दी, खोकला, दोन-चार पातळ शी, दात येताना अंग कोमट लागणं, यांतल्या कशासाठीही लस टाळायची नसते. टाळायची ती मूल खरंच आजारी असेल, अंग चटके देत असेल, दाखल करायची वेळ असेल तेव्हा, आणि तेही बरं होईपर्यंतच. दुसरं म्हणजे मागच्या डोसाला तीव्र ॲलर्जी आली असेल तर. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे, उदाहरणार्थ कर्करोगाचे उपचार किंवा स्टिरॉइडचे मोठे डोस चालू आहेत, त्यांना जिवंत जंतूंच्या लसी देताना वेगळा विचार करावा लागतो. मुलगी दिवस भरायच्या आधी जन्मली असेल तरी वय जन्मतारखेपासूनच धरायचं. यातलं काही तिला लागू असेल तर माझं पुढचं सांगणं तिच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

लागू नसेल, तर या आठवड्यात जवळच्या सरकारी केंद्रात जा. एकाच दिवशी हे सगळं होऊ शकतं: पेंटाचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात धरून पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा, तिसरा डोस, तोंडावाटे पोलिओ, पोलिओचं इंजेक्शन, न्यूमोनियाची म्हणजे पीसीव्हीची लस, गोवर-रुबेलाच्या एकत्रित लसीचा पहिला डोस आणि अ जीवनसत्त्वाचा चमचा. दोन मांड्या, दंड, मिळून चार टोचण्या. आयांच्या अंगावर काटा येतो तो इथे. 'इतकं एकदम झेपेल का तिला?' झेपतं. रोज तोंडात जाणारी माती, चपला, खेळणी यांतून तिचं शरीर ज्या असंख्य जंतूंना तोंड देतं, त्यापुढे या लसींचा भार किरकोळ आहे. आणि चार खेपांत विभागलं तर रडणंही चार वेळा, तापाची धास्तीही चार वेळा, आणि एखादी खेप हुकायची शक्यता वेगळीच. टोचण्यातली जिवंत लस एकट्या गोवर-रुबेलाची आहे. तशा दोन असत्या तरी त्या एकाच दिवशी, नाहीतर महिन्याच्या अंतराने, हा नियम असतो.

रोटाच्या, म्हणजे रोटाव्हायरसच्या जुलाबांवरच्या, थेंबांबाबत दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळतील, गोंधळू नका. सरकारी कार्यक्रमात वर्षाच्या आत सुरू झालेला रोटाचा कोर्स पूर्ण करतात. खासगी बालरोगतज्ज्ञ सहसा आठ महिन्यांनंतर देत नाहीत. रोटाचे जीवघेणे जुलाब लहान वयात जास्त होतात, आणि वय वाढतं तशी आतड्यात आतडं अडकण्याची दुर्मिळ तक्रार डोक्यात ठेवावी लागते. तिचे दोन डोस झाले आहेत, तेव्हा तिसरा मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर त्यावरून झोप उडवू नका.

पीसीव्हीचा पुढचा डोस साधारण आठ आठवड्यांनी. पोलिओच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख सिस्टर कार्डावर घालून देतील. आताच्या पेंटानंतर किमान सहा महिन्यांनी डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर, म्हणजे आधीची प्रतिकारशक्ती ताजी करणारा डोस, त्याच सुमारास गोवर-रुबेलाचा दुसरा डोस. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत मेंदूज्वराची, म्हणजे जेईची लसही यादीत असते. तुम्ही राहता तिथे ती आहे का, ते आशाताईंना ठाऊक असतं.

कार्डाचं काय, असं तुम्ही ओघात लिहिलंय. माहेरच्या कपाटात असेल तर आजच फोटो मागवा. हरवलं असेल तर जिथे डोस दिले त्या उपकेंद्राच्या नोंदवहीत नाव सापडतं, अलीकडच्या नोंदी यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवरही असतात. कुठेच काही मिळालं नाही तर तो डोस झाला नाही असं धरून देतात. झालेला डोस चुकून पुन्हा दिला गेला तर बिघडत नाही. न झालेला झाला असं समजून बसलो तर बिघडतं. डाव्या दंडावर क्षयाविरुद्धच्या बीसीजी लसीचा व्रण उमटला नाही म्हणून काही जणी घाबरून येतात. डोसाची नोंद असेल तर व्रण नसला तरी बीसीजी पुन्हा द्यायची गरज नसते.

आता सासूबाई. त्यांना वेडं ठरवू नका, त्यांनी पाहिलं ते खरं आहे. पेंटात डांग्या खोकल्याचा जो घटक असतो तो अख्ख्या मेलेल्या जंतूंपासून बनवतात, त्याने एक-दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते, लालसर होते, मूल किरकिरं होतं. कधी टोचल्या जागी वाटाण्याएवढी गाठ आठवडे-महिने राहते आणि आपोआप विरते. तिला चोळायचं नाही, शेकायचं नाही, बटाट्याच्या चकत्या, हळदीचा लेप काही नाही. गार पाण्यात पिळलेलं फडकं ठेवलंत तर पुरे. गोवर-रुबेलाचा ताप मात्र त्याच दिवशी येत नाही, आठवडा-दहा दिवसांनी येतो, बरोबर थोडं पुरळही येऊ शकतं. तोवर सगळे लस विसरलेले असतात आणि मग 'लशीनेच गोवर आला' असा बोभाटा होतो. तो सौम्य असतो आणि दोन-तीन दिवसांत जातो.

तापाच्या औषधाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण खरा धोका मला इथे जास्त दिसतो. पॅरासिटामॉल ताप आला तरच द्या, टोचून घरी आल्या आल्या 'आधीच एक' म्हणून नको. मात्रा वजनावर, किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. मूल आठ किलोचं असेल तर एका वेळी १२० मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारांहून जास्त नाही. आता बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. थेंबांची छोटी बाटली असते तिच्यात बहुधा दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे आठ किलोच्या बाळाला ड्रॉपरने सव्वा मिलिलिटरच्याही आत. पातळ औषधाच्या मोठ्या बाटलीत पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, म्हणजे एक चमचा. तिसरी असते ती पाच मिलिलिटरला २५० वाली, मोठ्या मुलांची. तिन्हींवर नाव एकच, चित्र तेच. शेजारणीने 'एक चमचा दे गं' म्हटलं आणि घरात थेंबांची बाटली असली, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जातं. म्हणून मी चिठ्ठीवर फक्त नाव लिहीत नाही, बाटलीवर पेनाने खूण करून देतो.

लगेच दाखवायला आणायचं ते कधी? टोचल्यावर अर्ध्या तासात अंगभर गांधी, श्वासाला त्रास, एकदम पांढरं पडणं, यातलं काही दिसलं तर. हे फार क्वचित, दहा लाख डोसांत एखादं, पण त्यासाठीच केंद्रात अर्धा तास बसवून ठेवतात. 'भाजी टाकून आलेय, निघते' असं करू नका. तीन तासांहून जास्त अखंड, समजूत न पटणारं रडणं, झटका, किंवा १०५ फॅरनहाइटच्या घरात गेलेला ताप असेल तरीही दाखवा आणि कार्डावर नोंद करून घ्या, म्हणजे पुढच्या डोसाला काय करायचं ते ठरवता येतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत तुम्ही एक दिवस १०१ ताप लिहिलाय. त्यामुळे पुढचं काही थांबत नाही.

सासूबाईंशी बोलताना एक करा. त्यांच्या किंवा सासऱ्यांच्या हातावर, दंडावर देवी काढल्याचे गोल वण असतील. ते दाखवून विचारा, की आता देवीचा रोगी कुणी पाहिलाय का. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, १९८० साली जगातूनच रोग गेल्याचं जाहीर झालं. पोलिओचंही तसंच, देशातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याचा. त्या पिढीने लंगडणारी मुलं वर्गात पाहिली आहेत. त्यांना आकडेवारीपेक्षा हे लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे.

खासगी की सरकारी? स्पष्ट सांगतो: ज्या आजारांनी बाळं मरतात किंवा जन्माची अधू होतात, ते बहुतेक सगळे सरकारी यादीत आहेत. पीसीव्ही पूर्वी फक्त खासगीत हजारो रुपयांना मिळायची, २०२१ पासून ती देशभर सरकारी कार्यक्रमात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली लस खासगीत वेगळी आणि सरकारीत वेगळी नसते. खासगीत 'पेनलेस' म्हणून जी मिळते तिच्यात डांग्या खोकल्याचा शुद्ध केलेला घटक असतो, ताप-सूज कमी येते, पण तिचं संरक्षण तुलनेने लवकर ओसरतं. सुई दोन्हींची तेवढीच टोचते. परवडत असेल आणि मागच्या तापाने घर हादरलं असेल तर घ्या. पण तिच्यासाठी कर्ज काढायचं किंवा पगाराची वाट पाहत डोस लांबवायचा, हे मला पटत नाही.

सरकारी यादीत नसलेल्यांत टायफॉइड, कांजिण्या, गालगुंड, कावीळ अ आणि फ्लू येतात. थोडेच पैसे असतील तर मी टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस आधी सांगतो, कारण आपलं पाणी आपल्याला माहीत आहे. सहा महिन्यांच्या वयापासून ती एकदा देता येते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये तिची मोठी मोहीमही घेतली होती. त्यानंतर पंधराव्या महिन्याच्या सुमारास एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), म्हणजे गालगुंडही झाकलं जातं. कांजिण्या, कावीळ अ त्यामागून, जसं जमेल तसं. मूल पाळणाघरात जात असेल, दमेकरी असेल, तर मी फ्लूला वर घेतो. इथे प्रत्येक घराचं गणित वेगळं, सरसकट यादी देणं बरोबर नाही.

लस कुठेही घ्या, ती थंडाव्यात राहिली का ते पाहा. दोन ते आठ अंश सेल्सिअस हे तिचं घर. उन्हाने बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोठल्याने पेंटा, पीसीव्ही, कावीळ ब, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) बिघडतात हे कमी जणांना माहीत असतं, म्हणून घरगुती फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याशेजारी ठेवलेली लस मी परत पाठवतो. सरकारी बाटलीवर एक छोटा गोल आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर उष्णतेने लस बिघडलेली नाही. गोलाएवढा किंवा त्याहून गडद झाला तर ती बाटली बाद. सिस्टरना दाखवायला सांगा, कुणी रागावत नाही. आणि 'आज नाही, बुधवारी या' असं ऐकावं लागलं तर त्यामागेही कारण आहे. गोवर-रुबेला आणि बीसीजीची पूड पाण्यात मिसळली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकून द्यायची असते. एकट्या बाळासाठी बाटली फोडायला सिस्टर कचरतात ते त्यामुळे. अर्थात तुमच्या मुलीचा पहिलाच डोस राहिलाय, तेव्हा 'एकटी असली तरी फोडा' असा आग्रह धरायला हरकत नाही.

लहानपणीचं इतकंच ध्यानात ठेवा: परत सुरुवात नाही, या आठवड्यात गोवर-रुबेलासकट राहिलेलं सगळं एकत्र, पुढची तारीख कार्डावर लिहून घेणे. त्यानंतरच्या तारखा मात्र लोक हमखास विसरतात. पाच-सहा वर्षांचा डीपीटी बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. घटसर्प हल्ली शाळकरी मुलांत दिसतो तो याच राहिलेल्या बूस्टरांमुळे. मुलींना नऊ ते चौदा या वयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एचपीव्ही लस, लैंगिक संबंध सुरू व्हायच्या कितीतरी आधी दिली तर तिचा पूर्ण फायदा. तुमची अजून रांगतेय, पण घरात दहा-बारा वर्षांची पुतणी-भाची असेलच.

सासऱ्यांचं. साठी ओलांडलेली, त्यात मधुमेह, म्हणजे फ्लू आणि न्यूमोनिया त्यांना जड जातात. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. आपल्याकडे त्याचा जोर पावसाळ्यात असतो, तेव्हा मे महिन्यात घेतलेली बरी. न्यूमोनियासाठी १३ प्रकारांविरुद्धची एक आणि साधारण वर्षाने २३ प्रकारांविरुद्धची दुसरी, अशी जोडी बरीच वर्षं देत आलो. जास्त प्रकार झाकणाऱ्या, एकाच डोसात भागणाऱ्या नव्या लसीही आहेत, तुमच्या फिजिशियनकडे कोणती आहे ते विचारा. नागिणीची लस पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. नागीण गेल्यावर वर्षभर ठणकणारी कूस ज्यांनी पाहिली ते आनंदाने घेतात, पण किंमत खिशाला चांगलीच जाणवते. म्हणून मी तिला तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

धनुर्वाताचं इंजेक्शन आपल्याकडे प्रत्येक खरचटण्याला मागून घेतात आणि दहा वर्षांनी घ्यायचा ठरलेला डोस मात्र कुणी घेत नाही. पूर्ण कोर्स झालेल्या माणसाला स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी दहा वर्षांच्या आत पुन्हा नको. जखम खोल, मातीची, शेणाची असेल तर शेवटच्या डोसाला पाच वर्षं झालीत का ते पाहायचं. आता नुसत्या धनुर्वाताच्या टीटीऐवजी टीडी मिळते, तिच्यात घटसर्पही येतो. शेतावर जाणाऱ्या सासऱ्यांनी मोबाइलमध्ये शेवटच्या डोसाची तारीख टाकून ठेवली तर ड्रेसिंग करणाऱ्याचंही काम सोपं होईल.

आणि तुम्ही. दुसऱ्या बाळाचा विचार आहे तर दिवस जायच्या आधी एक गोष्ट उरकून घ्या. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळ बहिरं, मोतीबिंदू घेऊन किंवा हृदयाला छिद्र घेऊन जन्मू शकतं. आईला नुसतं दोन दिवस पुरळ आलेलं असतं, कधी तेही नाही. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, ती पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी होती. तुम्ही वय २८ लिहिलंय, म्हणजे तेव्हा तुम्ही शाळेबाहेर होतात, आणि तुमच्या लहानपणी सरकारी यादीत रुबेला नव्हता. शाळेत किंवा खासगीत एमएमआर घेतल्याची नोंद नसेल तर आता घ्या. मुलगी अंगावर पीत असेल तरी चालतं. त्यानंतर एक महिना दिवस जाऊ द्यायचे नाहीत, आणि गरोदर असाल तर ही लस अजिबात नाही, बाळंतपणानंतर.

गरोदरपणात टीडीचे दोन डोस असतात. मागच्या खेपेला दोन्ही झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले तर एकच बूस्टर पुरतो. परवडत असेल तर त्या जागी सातव्या ते नवव्या महिन्यादरम्यान टीडॅप, म्हणजे टीडीला डांग्या खोकल्याच्या घटकाची जोड असलेली लस, घ्या. त्यातून तुमची प्रतिद्रव्यं बाळाकडे जातात आणि डांग्या खोकला ज्या वयात जीव घेतो ते पहिले दोन महिने झाकले जातात. फ्लूची लसही गरोदरपणात चालते. कावीळ बची रक्ततपासणी नाव नोंदवतानाच करून घ्या. ही कावीळ आईकडून जन्मताना बाळाला लागली तर दहातली नऊ बाळं ती आयुष्यभर बाळगतात, मोठेपणी लागली तर शंभरात पाचांहूनही कमी. म्हणून जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळाला कावीळ बचा डोस हवा. प्रसूती रविवारी झाली, दिवाळीत झाली, की तो 'उद्या बघू'वर जातो. दाखल होतानाच नर्सला सांगून ठेवा, आणि घरी सोडण्याआधी कार्डावर त्याची तारीख आणि वेळ लिहिली आहे ना ते बघा. तपासणीत तुम्हालाच कावीळ ब निघाली, तर बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिद्रव्यांचं, वेगळं इंजेक्शनही बारा तासांत लागतं. ते छोट्या दवाखान्यात नसतं, त्यामुळे बाळंतपण कुठे करायचं हे तेव्हा आधी ठरवावं लागेल.